साडूंचा स्लॅब

भिलाईत आजवर जेवढी माणसं जेवढ्या म्हणून कारणांनी भ्याली असतील, त्या सगळ्यांची भीती एका पोत्यात भरली, तरी ती आमच्या मोठ्या साडूंच्या एका सकाळच्या भीतीपुढे हलकी पडेल. हे मी पूर्वी चेष्टेत म्हणायचो. हल्ली म्हणताना आवाज जरा खाली येतो. माझ्या बायकोची थोरली बहीण म्हणजे आमच्या ताई, आणि ताईंचे यजमान हे माझे साडू. मी रेल्वेत, ते स्टील प्लांटमध्ये, आणि तिथेही सेफ्टी डिपार्टमेंटमध्ये. म्हणजे बत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या वाटणीचं भिण्याची नोकरी केली. जिथे हजारो माणसं वितळलेल्या लोखंडाच्या आसपास बिनघोर डबे उघडून जेवत होती, तिथे हा एक माणूस त्या सगळ्यांच्या वतीने घाबरत उभा होता. निवृत्तीच्या दिवशी हार, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. भीती परत जमा करायची असते हे त्यांना कोणी सांगितलं नाही, म्हणून तीही ते बरोबर घरी घेऊन आले.

आमच्याकडे आले की ते आधी पंख्याकडे बघतात. पंख्याचा दांडा छत्रीच्या टोकाने हलवून पाहतात, मग खुर्ची दोन फूट बाजूला सरकवतात आणि मगच बसतात. माझ्या बायकोने एकदा वैतागून विचारलं, ''जिजाजी, इतके कावून भेता हो तुमी?'' तर ते शांतपणे म्हणाले, ''मी भेत नाही बाई. मी फक्त काय काय होऊ शकते ते पाहून राहिलो.'' लग्नाच्या हॉलमध्ये शिरले की वधूवरांच्या आधी ते बाहेर पडायचं दार शोधतात. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी आम्हा सगळ्या नातेवाइकांना त्या दाराजवळ असं काही बसवलं, की आम्हाला मंगलाष्टकं ऐकू आली आणि आचारी दिसला, नवरी दिसली ती थेट जेवणाच्या पंगतीत. घरात बल्ब बदलायचा तर प्लांटसारखं परमिट निघायचं. स्टुलावर कोण चढणार, स्टूल कोण धरणार, बटण बंद केल्याची खात्री कोण करणार, हे सगळं वहीत लिहून खाली सह्या. एकदा ते चष्मा लावून परमिट लिहीत बसले असताना ताईंनी मागच्या मागे बल्ब बदलला, दिवा लावला आणि त्या उजेडात त्यांना म्हणाल्या, ''लिहा आता आरामात.''

या परमिटाच्या वहीशिवाय त्यांची आणखी एक वही होती. प्लांटमध्ये जो अपघात होता होता राहतो, त्याचीसुद्धा लेखी नोंद करावी लागते. ही चांगली सवय साडूंनी घरातही चालू ठेवली. दूध उतू जाता जाता राहिलं, नोंद. मांजर शेगडीजवळून गेलं, नोंद. एकदा त्यांच्या पायरीवर माझा पाय घसरला आणि मी कठडा धरून सावरलो. आठ दिवसांनी त्यांनी मला माझी नोंद वाचून दाखवली: ''पाहुणा पडता पडता वाचला. कारण, पाहुण्याचे लक्ष चिवड्याकडे होते.'' मी आक्षेप घेतला, पण कारण खरं होतं, त्यामुळे खोडायला त्यांनी नकार दिला.

अशा माणसाने घर बांधायला काढलं, तेव्हा आम्ही सगळेच धास्तावलो. प्लांटचं क्वार्टर सोडायचं होतं आणि भिलाईतच रिसालीत प्लॉट घेऊन ठेवलेला होता. ताईंनी त्या घराची वाट वीस वर्षं पाहिली होती. स्वयंपाकघराची खिडकी कोणीकडे असावी हे त्यांनी क्वार्टरच्या भिंतीवर पेन्सिलने काढून ठेवलं होतं. साडूंनी ठेकेदार निवडायला सात महिने लावले. ओळखीचा नको, स्वस्त नको, गोड बोलणारा तर नकोच. लायसन असलेला पाहिजे. तसा एक सापडला. साडूंनी त्याचं लायसन आधी त्याच्या ऑफिसात पाहिलं, मग जिथून ते निघतं त्या कार्यालयात जाऊन रजिस्टरमध्ये पाहिलं, आणि त्याची एक झेरॉक्स देवघरात ठेवली. ठेकेदार पांढरा शर्ट घालायचा आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ''टेंशन मत लीजिए साहब'' म्हणायचा. साडूंना असं सांगणं म्हणजे माशाला कोरडा राहा म्हणण्यापैकी होतं.

घर झालं, वास्तुशांत झाली. पुढल्या पावसाळ्यात मागच्या मोठ्या खोलीच्या छतातून पाणी झिरपायला लागलं. मग छताच्या बरोबर मध्यावर एक चीर दिसली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ. ठेकेदार आला, वर बघून म्हणाला, ''ये तो बस पलस्तर का बाल है साहब,'' आणि पुट्टी लावून गेला. दोन महिन्यांनी चीर पुट्टीतून बाहेर आली. साडूंनी मग चिरेवर आडव्या काचेच्या बारीक पट्ट्या प्लास्टरने चिकटवल्या. चीर रुंदावत असेल तर काच तडकते, ही त्यांच्या खात्यातली जुनी रीत. अशा नऊ पट्ट्या छताला लावून हा माणूस रोज सकाळी टॉर्च घेऊन त्या मोजायचा. मी चेष्टा करायला म्हणून गेलो आणि चहाचा कप हातात घेऊन त्यांच्या शेजारी मान वर करून उभा राहिलो. तेवढ्यात वरून टिक असा आवाज आला. सातवी पट्टी आमच्या डोळ्यांदेखत तडकली होती. साडूंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्या दिवसापासून मला भीतीची लागण झाली. पावर हाउस भागातल्या माझ्या घरी, दुकानात, ऑफिसात, जिथे जाईन तिथे माझे डोळे आपोआप वर जाऊ लागले. बायको म्हणाली, ''एक होते ते पुरे नव्हते का?''

मी त्यांना म्हटलं, ''दादा, तक्रार करा. लायसनवाला आहे, सोडू नका त्याला.'' ते म्हणाले, ''करू ना, पाहू.'' असं त्यांनी मला दिवाळीत सांगितलं, संक्रांतीला सांगितलं आणि होळीलाही सांगितलं. वाळूच्या चाळणीत भोक पडलं तरी लेखी पत्र देणारा माणूस या एका बाबतीत मूग गिळून का बसला होता, हे मला कळेना.

मग तो रविवार आला. आम्ही दोघं नवराबायको रिसालीला जेवायला गेलो होतो. साडूंची एकुलती एक मुलगी रायपूरला दिलेली, तिला सातवा महिना होता आणि पहिल्या बाळंतपणाला ती पुढच्या महिन्यात माहेरी यायची होती. मागची मोठी खोली ताईंनी तिच्यासाठी तयार केली होती. पलंग, मऊ गादी, बाळाच्या टोपड्यांची टोपली. जेवणं झाल्यावर ताई त्याच पलंगावर पाठ टेकायला गेल्या. मी बाहेरच्या खोलीतून ओरडलो, ''ताई, अर्धा कप चहा मिळते का?'' त्या उठल्या, ''जावईबुवाले जेवण झाल्याबरोबर चहा लागते बापा,'' असं म्हणत दाराबाहेर आल्या, आणि मागे धप्प असा आवाज झाला.

आम्ही धावत गेलो. खोली पांढऱ्या धुळीने भरली होती. धूळ खाली बसली तेव्हा दिसलं, की छताचा परातीएवढा तुकडा उशीवर पडला होता. उशी मधोमध दबली होती. वर, जिथून तो निघाला, तिथे गंजलेल्या लोखंडी सळया उघड्या पडल्या होत्या. ताई आधी हसल्या, ''अगं माय, उशी गेली माही,'' म्हणाल्या, आणि मग उभ्या उभ्याच खाली बसल्या. माझी बायको त्यांचा हात धरून रडायला लागली. आणि साडू? मला वाटलं, हा माणूस आता कोसळणार. पण ते कधी नव्हे इतके शांत होते. त्यांनी आम्हाला एकेक करून बाहेर काढलं, वीज बंद केली, दार लावलं आणि दारावर अडकवायला प्लांटमधली 'धोका' लिहिलेली लाल पाटी आणली. पाटीचा दोरा कडीला बांधताना मात्र त्यांची गाठ तीनदा सुटली, शेवटी ती मला मारावी लागली.

संध्याकाळी मी त्यांना मैदानावर फिरायला घेऊन गेलो. म्हटलं, ''उद्या तक्रार. तुम्ही नाही केली तर मी करतो. पोरगी येणार आहे त्या खोलीत.'' ते एका बाकावर बसले. बाक हलवून पाहायचंही विसरले. मग म्हणाले, ''ते चीर माह्यामुळे पडली.''

मला काही कळेना. त्यांनी खाली मान घालून सांगितलं ते असं. तो दिवस त्या स्लॅबच्या ढलाईचा, म्हणजे काँक्रीट ओतण्याचा. ढलाई एकदा सुरू झाली की संपेपर्यंत थांबवायची नसते. मधे थांबली तर आधीचा माल वाळतो आणि नंतरचा त्याला धरत नाही. हे त्यांना माहीत होतं. ठेकेदाराच्या रेजा, म्हणजे मजूर बायका, डोक्यावर मालाची घमेली घेऊन बांबूच्या चढणीवरून वर जात होत्या. अकराच्या सुमाराला एकीच्या पायाखालची फळी सरकली. ती बांबूला लोंबकळली, घमेलं खाली आदळलं. बाई वाचली, पदर झटकून हसली आणि पुन्हा घमेलं भरायला गेली. साडूंनी काम बंद करवलं. चढण नवीन दोराने बांधा, कमरेला बांधायचे पट्टे आणा, हेल्मेट आणा. ठेकेदार म्हणाला, ''साहब, माल सूख जाएगा।'' साडू म्हणाले, ''सूखने दो।'' आणि स्कूटर काढून ते हथखोजच्या एका कारखान्यात गेले. तिथला स्टोअरवाला ओळखीचा होता. त्याच्याकडून अकरा पिवळी हेल्मेटं आणि दोन पट्टे घेऊन, पंचविसाच्या वेगाने, प्रत्येक चौकात थांबत ते परत आले तेव्हा तीन वाजले होते. चार तास अर्धा स्लॅब उन्हात वाळत पडला होता.

''आता तक्रार केली तर तो पहिलं हेच सांगन,'' साडू म्हणाले. ''खरंच आहे ना ते. आणि मंग तुमच्या ताईले समजन. वीस वर्ष घर घर केलं तिनं. त्या घराच्या पाठीत चीर मीच पाडली, हे तिले कोण्या तोंडानं सांगू?'' जगातल्या यच्चयावत गोष्टींना भिणाऱ्या या माणसाला सगळ्यांत जास्त भीती कशाची होती, ते मला त्या बाकावर कळलं. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

तक्रार मात्र त्यांनी लिहिली. मुलीसाठी वाटणाऱ्या भीतीने ताईंना कळण्याच्या भीतीवर मात केली. सतरा पानं झाली, खोलीच्या नकाशासकट, पट्ट्यांच्या तारखांसकट. सवयीप्रमाणे त्यांनी प्लांटचाच नमुना आखला होता आणि त्यात 'घटनेचे कारण' असा एक रकाना होता. बाकीचं सगळं लिहून झालं, तो रकाना तीन दिवस रिकामा राहिला. खोटं त्यांना लिहिता येईना, खरं लिहवेना. शेवटी तो कोरा ठेवूनच आम्ही लायसनच्या त्या कार्यालयात अर्ज देऊन आलो. कारकून म्हणाला, ''ये खाली है।'' साडू म्हणाले, ''हाँ। है।''

पाहणीचा दिवस ठरला. त्या आठवड्यात साडूंना जेवण जाईना. सकाळी दहाला कार्यालयातून एक तरुण इंजिनिअर बाई आल्या, ठेकेदार पांढऱ्या शर्टात आला. साडूंनी खोलीत शिरण्याआधी सगळ्यांना ती पिवळी हेल्मेटं घालायला लावली. बाईंनी हेल्मेट घालेपर्यंत त्यांच्या हातचा कार्यालयाचा कागदही साडूंनी घेतला नाही. आम्ही चौघं डोकी झाकून त्या उघड्या पडलेल्या सळयांखाली उभे राहिलो. एरवी मी पोट धरून हसलो असतो. पण ताई दारात उभ्या होत्या, आणि माझं सगळं लक्ष ठेकेदाराच्या तोंडाकडे होतं.

इंजिनिअर बाईंनी हातोडीने छत ठोकलं. ठक ठक करता करता एका रेषेवर आवाज बद्द झाला. त्या म्हणाल्या, ''यहाँ ढलाई रुकी थी।'' ठेकेदार वाटच पाहत होता. हसून म्हणाला, ''मैडम, वो तो साहब से पूछिए। काम साहब ने ही रुकवाया था। चार घंटा।''

साडूंचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला. मला वाटलं, आता ते म्हणतील आठवत नाही, किंवा छातीत दुखतंय. त्यांनी हेल्मेट काढलं, हातात धरलं आणि म्हणाले, ''जी। मैंने रुकवाया था। एक बाई गिरते-गिरते बची थी।'' बोलताना त्यांनी इंजिनिअर बाईंकडे पाहिलं नाही. ते ताईंकडे पाहत होते.

बाईंनी ठेकेदाराला विचारलं, ''और आपने दोबारा शुरू करने से पहले क्या किया? जोड़ को खुरचा? सीमेंट का घोल डाला?'' ठेकेदार म्हणाला, टाइम कहाँ था. मग त्यांनी उघड्या सळयांकडे बोट दाखवलं. सळयांच्या खाली ठेवायचे सिमेंटचे ठोकळे ठेवलेलेच नव्हते, त्यामुळे लोखंड थेट तळाला टेकलं होतं. आणि टेकू किती दिवसांनी काढले? आठ, पाहिजे होते चौदा. ठेकेदाराने 'टेंशन' हा शब्द त्या दिवशी एकदाही काढला नाही. बाईंनी तिथेच लिहिलं, की थांबवणं हा दोष नाही, थांबल्यावर जे करायला पाहिजे ते लायसनदाराने केलं नाही हा दोष. त्या खोलीचा स्लॅब पाडून ठेकेदाराने तो नवा टाकून द्यावा, नाहीतर लायसन जाईल.

मंडळी गेल्यावर साडू ओट्यावर बसून राहिले. निकाल आपल्या बाजूने लागला हे त्यांच्या गावीही नव्हतं. ताई बाहेर आल्या. मी आत जायला निघालो, तर ताईच म्हणाल्या, ''बसा तुमी, काय चोरी आहे का?'' मग साडूंकडे वळल्या. ''दोन वर्षं हे पोटात धरून होते का तुमी? अहो, मी तिथंच होती ना त्या दिवशी, चहा घेऊन! फळी सरकली तवा माह्या हातातला पेला पडला. तुमी स्कूटर काढली ते मी पाहिलं नाही का?''

साडूंनी मान वर केली. ''मंग तू बोलली कावून नाही?''

''काय बोलू? मले वाटलं, तुमाले माहीत आहे मले माहीत आहे ते.'' ताई त्यांच्या शेजारी बसल्या. ''ते बाई पडली असती ना, तर म्या या घरात पाय नसता ठेवला. चीर पडली तर पडली.''

साडूंनी उपरण्याने डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले. धूळ होतीही. मी तेवढ्यापुरता रस्त्याकडे बघत राहिलो.

स्लॅब पाडायला आठवडा गेला. मुलीचं बाळंतपण आमच्याकडे पावर हाउसला करायचं ठरलं. ताईंनी टोपड्यांची टोपली आणून दिली, पण माझ्या बायकोच्या घरात आपल्या लेकीचं अंथरूण घालताना त्यांचे हात फार सावकाश चालत होते. नव्या ढलाईच्या दिवशी साडूंनी साइटवर यायचं नाही, असं आम्ही सगळ्यांनी एकमताने ठरवलं. साडूंनीही ते मान्य केलं. ''मी गेलो तर पुन्हा थांबवीन,'' ते म्हणाले. ताई तिकडे उभ्या राहणार होत्या.

तो अख्खा दिवस ते आमच्या बाहेरच्या खोलीत बसून होते. मुलगी आठव्या महिन्याचं पोट सांभाळत त्यांच्या शेजारी बसली होती. ते वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होते, ती त्यांना काही सांगत नव्हती. मी सुट्टी घेतली होती आणि मलाही धड बसवत नव्हतं. या वेळी माल बरोबर पडला नाही तर? पुन्हा चीर पडली तर? त्या घरात ताई कधी निवांत झोपणार? दुपारचं जेवण ताटातच राहिलं. एकदा मुलगी म्हणाली, ''बाबा, आप मम्मी को फोन कर लो ना.'' ते म्हणाले, ''नाही. ढलाईच्या टायमाले तिचं ध्यान नाही हटवाचं.''

पाच वाजता फोन वाजला. मीच उचलणार होतो, पण साडूंनी झडप घातली. आमच्या कानावर पलीकडचा ताईंचा मोठा, दमलेला, आनंदी आवाज येत होता: झाला, एका दमात झाला, इंजिनिअर मॅडम स्वतः उभ्या होत्या, एक मिनिट थांबला नाही. मुलीने डोळे मिटून हात जोडले. माझ्या जिवात जीव आला. साडूंनी ते सगळं ऐकून घेतलं, जणू ते दुसऱ्याच कुणाच्या घराबद्दल होतं. मग म्हणाले, ''ते ठीक आहे. सगळे खाली उतरले का?''

ताईंनी वळून पाहिलं असावं. मग त्या मोजायला लागल्या. चार रेजा, दोन मिस्त्री, मिक्सरवाला, वरचे तिघं. साडू प्रत्येकाला मान हलवत होते. शेवटी त्यांनी विचारलं, ''स्लॅब पाडताना एक लंगडत होता, तोही?'' तोही उतरला होता. तेव्हा कुठे त्यांनी फोन खाली ठेवला आणि सकाळपासून पहिल्यांदा पाणी मागितलं.

मी रेल्वेत इतकी वर्षं काढली, कितीदा तरी कुठे कुठे चढलो, उतरलो, आणि त्या माणसाच्या भित्रेपणावर आयुष्यभर हसलो. पण पाण्याचा पेला त्यांच्या हातात देताना मला फार वाटलं, की आपण वर असताना खाली असं कोणीतरी, आपण उतरेपर्यंत न जेवता बसलेलं असावं.